कागदी नेमप्लेट: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

बदली झाली की खुर्ची त्याच दिवशी मिळते, पाटी मात्र 'मागणी पाठवली आहे' या सदरात जाते. येणारा प्रत्येक जण "साहेब कोणते?" विचारून राहिला होता, म्हणून दिवाळीनंतर जाड कागदाची पाटी केली. ती अजून टेबलावर आहे.

झेरॉक्सचा साधा कागद ७५-८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा असतो. त्याची पाटी दुपारपर्यंत पोट सोडते. २५० ते ३०० जीएसएमचा पांढरा कार्डशीट घ्या. नागपुरात सीताबर्डीच्या स्टेशनरीवाल्याकडे ए४ मापात सुटा मिळाला.

ए४ आडवा धरला की लांबी २९.७ सेंमी, उंची २१ सेंमी. उंचीत ६-६-६ सेंमीचे तीन पट्टे आणि चिकटवायला ३ सेंमी. बरोबर बसतं, तुकडा वाया जात नाही. पहिला पट्टा दर्शनी, दुसरा आपल्याकडचा, तिसरा तळ. दोन्हीकडे नाव हवं तर एक उलटं छापावं लागतं. मी माझ्या बाजूला इंटरकॉमचे नंबर टाकले. स्वतःचं नाव आपल्याला पाठ असतंच.

खरी मेख घडीत आहे. कार्डशीटला तंतूंची दिशा असते. शीट हलकेच दोन्हीकडून वाकवून बघा. जिकडून कमी अडते तशीच घडी पाडायची. उलट पाडली तर कड उसवल्यासारखी दिसते. स्टीलची पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा, मगच मोडा. चिकटवायला डबल टेप. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने कागद फुगतो.

छपाई लेझरवरच करा. इंकजेटची शाई ओल्या बोटानेही पसरू शकते. लेझरचा टोनर म्हणजे गरम करून चिकटवलेली प्लॅस्टिकची भुकटी. ती पाण्याला दाद देत नाही, पण घडीवर तडकते. म्हणून रंगीत पार्श्वभूमी नको, आणि अक्षरं घडीपासून सेंटिमीटरभर आत. नाव ६० पॉइंट, पदनाम २४. फाईल पीडीएफ करूनच न्या. दुकानातल्या भाऊच्या कॉम्प्युटरवर आपला फॉन्ट नसला की जोडाक्षरं सुटी होतात.

हिवाळी अधिवेशनाच्या गर्दीत लोकांनी पाटी हातात घेऊन वाचली, कोणी तिच्यावर फाईल ठेवली. काही बिघडलं नाही. मे महिन्यात मात्र कूलर सुरू झाला आणि पाटी दिवसभर जमिनीवर. खिडक्यांना खसाच्या ताट्या, समोर कूलरचा झोत, त्यात कागदाचं वजन ते किती! तळाच्या आत दहा रुपयांची दोन नाणी टेपने चिकटवली, तेव्हा कुठे स्थिरावली. कूलरचे थेंब उडाले तरी अक्षरं शाबूत राहिली.

पावसाळ्यात तळ मधोमध किंचित वर उचलला गेला. दमट हवेत कागदाचे तंतू फुगतात, त्याला इलाज नाही. त्याच कार्डशीटची एक पट्टी आतून लावली, आता डुगडुगत नाही.

शेजारच्या मॅडमनी टिकाऊ म्हणून लॅमिनेशन करून मग घडी घातली. आठवड्यात कडेची फिल्म सुटली, आणि तिथे धूळ बसून काळी रेघ दिसते. पुसून जात नाही ती.