आजीचं गोंदण आता माझ्या हातावर (दादरचा टॅटू स्टुडिओ)

आजीच्या हातावर तुळशीचं गोंदण होतं, हिरवट पडलेलं, तेच मी तिच्या फोटोवरून दादर स्टेशनजवळच्या एका छोट्या स्टुडिओत करून घेतलं. अपॉइंटमेंट असूनही तासभर बसवून ठेवलं, त्याचा खरंच राग आला. पण काम एक नंबर! सुई माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली, ग्लोव्ह्ज नवे, आणि स्टेन्सिल जरा तिरकं बसलं तर मी काही बोलायच्या आत त्या दादाने पुसून परत लावलं. दुखतं, मनगटाजवळ जास्त. नंतर दोन-तीन आठवडे ऊन आणि स्विमिंग बंद, खपली निघाली तरी खाजवायचं नाही, आणि हो, वर्षभर रक्तदान करता येत नाही हे आधीच सांगितलं ते मला फार आवडलं.

घरी मात्र आई दोन दिवस बोलली नाही, "स्थळं बघतोय आणि हे काय करून आलीस", काकू म्हणाली नोकरी मिळणार नाही. अहो, आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केलं ना, मग माझ्याच हातावर का खुपतं? तिसऱ्या दिवशी आईने हात ओढून घेतला, नीट बघितलं, म्हणाली, "आईचं हे खालचं पान असंच वाकडं होतं गं."

जायचं तर वीकडेला जा, रविवारी खूप गर्दी असते.