विद्यार्थी सहाय्यकांचं प्रशिक्षण: पहिला दिवस चोख, दुसरा उरकलेला

मोठ्या वर्गात चर्चा घडवायला वरच्या वर्षाची मुलं हाताशी घ्यायची, ही पद्धत कोलोरॅडो विद्यापीठात २००१ पासून रुळली. बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजात बाहेरच्या संस्थेनं घेतलेलं दोन दिवसांचं प्रशिक्षण त्याच धर्तीचं. सव्वाशे मुलांना सहा सहाय्यक, हे प्रमाण योग्यच. एकाकडे तीसच्या वर मुलं गेली की तो नुसत्या फेऱ्या मारतो.

वर्गात उत्तरावर मतदान घ्यायची रीत पहिल्या दिवशी नीट घोटून घेतली. प्रश्न फळ्यावर, एक मिनिट गप्प विचार, मग सगळ्यांनी एकदम आपल्या उत्तराचं कार्ड छातीशी. बरोबर उत्तरं साधारण ३५ ते ७० टक्के असली तर तीन मिनिटं शेजाऱ्याशी वाद आणि पुन्हा मत. त्याहून कमी असली तर वाद घालून उपयोग नाही, योग्य उत्तर माहीत असलेलाच बाकावर नसतो. सरांनी पुन्हा समजवावं. क्लिकर, म्हणजे मत नोंदवायची बटणाची यंत्रं, लागत नाहीत. ए-फोर कागदाच्या चार घड्यांवर अ, ब, क, ड ठळक लिहिलं की झालं. नुसते रंग नकोत, ट्यूबलाइटखाली पिवळा आणि पांढरा मागून सारखेच दिसतात.

सगळ्यात उत्तम भाग उत्तर न सांगण्याचा. सहाय्यक झालेल्या हुशार पोरांना चूक दिसली की तोंड आवरत नाही. इथे आधी ‘हे कसं काढलंस?’ विचारून मनात तीन आकडे मोजायला लावले. शिवाय समोरच्याचा पेन हातात घ्यायचा नाही. घेतला की तो प्रेक्षक झालाच.

कमी पडलं ते दुसऱ्या दिवशी. सराव सुट्या खुर्च्यांवर आणि वर्ग मात्र जखडलेल्या बाकांचा! मधल्या मुलापर्यंत कुणी पोचत नाही. दर तिसरी रांग मोकळी ठेवली तर हे सुटतं, पण ते कुणी सांगितलं नाही. भाषेचंही तसंच. खानापूरचा मराठी माध्यमाचा आणि गोकाकचा कन्नड माध्यमाचा मुलगा एकाच बाकावर असतात. मराठी सहाय्यक नकळत मराठीत घसरतो आणि दुसरा बाजूला पडतो. म्हणून जोडीत एक मराठी, एक कन्नड सहाय्यक हवा.

सहाय्यकांनी सरांबरोबर घ्यायच्या साप्ताहिक बैठकीच्या विषयाला प्रशिक्षणात दहाच मिनिटं मिळाली, ही मोठी चूक. पुढच्या आठवड्याचे प्रश्न, चुकीचे पर्याय मुलांना का पटतात यासकट, तिथेच सोडवायचे असतात. नाहीतर सहाय्यक मुलांबरोबरच प्रश्न पहिल्यांदा वाचतो. बैठकीचा तास वेळापत्रकात छापून घ्या. ‘सवडीनं बसू’ म्हटलं की पहिल्या इंटर्नल्सपर्यंतच बैठक बंद पडते.