नोमिकमधले क्लबचे नियम: काही महिने खेळून झाल्यावर

नोमिक माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. पीटर सूबर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी 1982 च्या सुमारास रचलेला हा खेळ. आपली पाळी आली की नियम बदलायचा प्रस्ताव मांडायचा, सगळ्यांनी मत द्यायचं, मग फासा टाकून गुण घ्यायचे. 100 गुण आधी करेल तो जिंकला. सुरुवातीला 29 नियम असतात, 16 पक्के (क्रमांक 101 पासून) आणि 13 कच्चे (201 पासून). कच्चे सरळ बदलता येतात, पक्क्यांना हात लावायचा तर आधी एकमताने कच्चं करून घ्यावं लागतं.

आता मुद्द्याचं. नियम 210 म्हणतो की पुढच्या प्रस्तावांबद्दल खेळाडूंनी आपसात मसलत करायची नाही, एकाच संघातले असतील तरच चालेल. पण संघ काढायचा कसा, याबद्दल मूळ संचात चकार शब्द नाही. टपालाने किंवा कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांना 210 मधून सूट आहे. आम्ही सातजण समोरासमोर बसून खेळतो, त्यामुळे आम्हाला नाही. (व्हॉट्सअपवर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.) म्हणून क्लबचा, म्हणजे 210 मधल्या संघाचा, नियम केला.

पहिला मसुदा एका ओळीचा होता: कोणीही दोघांनी जाहीर केलं की क्लब झाला. झालं, पाचजण एकाच क्लबात. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर एकमताची अट जाऊन साधं बहुमत पुरतं, म्हणजे सातात चार मतं. पाचव्याचं मत फुकट जात होतं, पण ते वाया घालवतील तर ते आमचे मित्र कसले! नियम 204 नुसार मंजूर झालेल्या प्रस्तावाच्या विरोधात मत देणाऱ्याला 10 गुण मिळतात. मग क्लबातल्या एकाने आळीपाळीने विरोध करायचा आणि 10 खिशात टाकायचे. फाशावर जास्तीत जास्त 6 पडतात, हे लक्षात घ्या. प्रस्तावही पास, गुणही घरात. शेवटी दोन गोष्टी लिहून घेतल्या: क्लबात एकूण खेळाडूंच्या निम्म्यापेक्षा कमी सभासद, आणि स्वतःच्या क्लबातल्याच्या प्रस्तावाला विरोध केला तर 204 चे गुण नाहीत.

खरी गोची निघाली न्यायाधीशाची. वाद झाला की ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू न्यायाधीश होतो (नियम 212). निकाल फिरवायला बाकी सगळ्यांचं एकमत लागतं, आणि त्या सगळ्यांत पाळीवाला स्वतःही आला. तो आपल्या बाजूचा निकाल कशाला फिरवेल? एरवी हे खपून जातं, कारण आधीचा खेळाडू प्रतिस्पर्धीच असतो, तो उगाच मेहेरबानी करत नाही. पण शेजारी बसलेले दोघे एका क्लबात आले की संपलं. आमच्याकडे एकाचा फासा टेबलावरून घरंगळून सोफ्याखाली गेला. वाकून बघितलं तर 6. उजवीकडच्या क्लबबंधूने गंभीर चेहऱ्याने निकाल दिला, 'फासा पडला, कुठे पडला हे नियमात नाही.' तर्क बिनतोड होता, पण दुसऱ्या कोणाचा फासा असता तर सुचला असता का, शंकाच आहे. आता क्लबातल्याची पाळी असेल तर न्यायाधीशपद मागे सरकत क्लबाबाहेरच्या पहिल्या खेळाडूकडे जातं. तुम्ही क्लब आणणार असाल तर हे कलम पहिल्या दिवशीच घाला, बाकीचं नंतर बघा.

क्लब सोडण्यावरून बरीच वादावादी झाली. एकाने चक्क पक्षांतरबंदीचा प्रस्ताव आणला. मी विरोधात मत दिलं. पक्का नियम 113 अख्खा खेळ सोडायची मुभा देतो, मग क्लब सोडायला बंदी कसली? शेवटी एवढंच ठरलं की मतदान सुरू झाल्यावर ते संपेपर्यंत कोणी आत-बाहेर करायचं नाही. अध्यक्ष, क्लबचा निधी, क्लबचं नाव वगैरे कलमं हौसेने आली आणि महिन्याभरात रद्द झाली.

आणखी एक व्यवहाराची बाब. नियम 209 मुळे कच्चे नियम एका वेळी 25 च्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणजे सुरुवातीच्या 13 नंतर जेमतेम 12 जागा. क्लबसाठी चार-पाच वेगळे नियम करत बसलात तर बाकी खेळाला जागाच उरत नाही. सगळं एकाच नियमात कोंबा, मजकूर लांबला तरी चालेल.

तीनच जण खेळत असाल तर क्लबच्या भानगडीत पडू नका. निम्म्यापेक्षा कमी म्हणजे एकट्याचा क्लब, मग मसलत कोणाशी करणार? पाचजणांत दोघांचा क्लब चालतो, पण मजा सातपासून. आमच्याकडे सध्या तिघातिघांचे दोन क्लब आहेत आणि एक जण कुठेच नाही. बहुमताला चार मतं लागतात, त्यामुळे दोन्हीकडून चहा-बिस्किटं त्याच्यापुढे येतात, आणि गुणतक्त्यात आघाडीवर तोच आहे.