‘डेक कोडप्रमाणे आहे’ एवढ्यावर हॉट टब बसवू नका

न्यू जर्सीत एडिसन, प्लेन्सबरो, ब्रिजवॉटर या बाजूला मराठी कुटुंबांच्या अनेक घरांना स्वयंपाकघराच्या दारातून थेट बाहेर जाणारा लाकडी डेक, म्हणजे खांबांवरचा उघडा सज्जा, असतो आणि मागची जमीन उतरती असेल तर तो सहज आठ फूट उंचीवर येतो. आमचाही तसाच आहे. त्यावर सहा जण बसतील असा गरम पाण्याचा हॉट टब ठेवायचा म्हणून तो मजबूत करून देण्याचे काम आम्ही एका कंत्राटदाराला दिले. त्याने त्यासाठी ६,४०० डॉलर घेतले, काम नीट झाल्याचे पत्रही दिले, आणि पहिला हिवाळा सरताच टबासह डेकचा एक कोपरा खचू लागला. या माणसाचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण वकिलाकडे आहे. परंतु त्याने जे केले ते करणारे इतरही असणार, म्हणून फसवणूक नेमकी कशी झाली ते तपशिलाने लिहीत आहे.

आधी वजनाचा हिशेब मांडतो, कारण सारा घोळ तेथेच आहे. आमचा टब सात फूट लांब आणि सात फूट रुंद असून त्यात ४०० गॅलन पाणी मावते. रिकाम्या टबाचे वजन सुमारे ८५० पौंड. एका गॅलन पाण्याचे वजन ८.३४ पौंड, म्हणजे पाणी झाले ३,३३६ पौंडांचे. त्यात सरासरी १७५ पौंडांची सहा माणसे बसली की आणखी १,०५० पौंड. एकूण ५,२३६ पौंड, म्हणजे जवळजवळ २,४०० किलो, आणि हे सारे ४९ चौरस फुटांवर. दर चौरस फुटाला सुमारे १०७ पौंड. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता (कोड) घराच्या डेकसाठी जो चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा येता-जाता भार, धरते तो दर चौरस फुटाला ४० पौंडांचा असतो. डेकच्या बांधणीसाठी अमेरिकन वुड कौन्सिलची जी मार्गदर्शिका सर्वत्र वापरली जाते, तिचे तक्तेही याच ४० पौंडांवर बेतलेले आहेत आणि हॉट टबासारखा एका जागी एकवटलेला भार आपल्या कक्षेबाहेर असल्याचे तीत स्पष्ट म्हटले आहे.

ही शंका आम्ही काढली तेव्हा कंत्राटदाराने दिलेले उत्तर ऐकणाऱ्याला अगदी पटण्यासारखे होते. “साहेब, मुलीच्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीला या डेकवर तीस माणसं होती ना? हलला का कुठे? मग टबाचं काय घेऊन बसलात?” तीस माणसांचे वजन धरले तर ते खरोखरच भरलेल्या टबाइतकेच, ५,२५० पौंड भरते, आणि म्हणूनच हे उत्तर बिनतोड वाटते. पण ती तीस माणसे सोळा बाय वीस फुटांच्या डेकवर पसरलेली होती, म्हणजे दर चौरस फुटाला साडेसोळा पौंडही भरत नव्हते, आणि जेवणे झाल्यावर ती आपापल्या घरी गेली. टब घरी जात नाही. लाकडावर भार महिनोन्‌महिने राहिला की ते हळूहळू अधिक वाकत जाते, ओलसर असेल तर आणखीनच. त्यामुळे संध्याकाळभराच्या गर्दीवरून कायमच्या भाराचा निष्कर्ष काढता येत नाही.

काम संपल्यावर त्याने जे पत्र आणून दिले त्यात ‘सदर डेक निवासी संहितेनुसार असून सुस्थितीत आहे’ अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्य होते आणि खाली ‘स्ट्रक्चरल कन्सल्टंट’ म्हणून सही होती. या पत्रातला धूर्तपणा असा, की त्यातले वाक्य धादांत खोटे नव्हते. डेक मुळात बांधला तेव्हा तो ४० पौंडांच्या हिशेबाने संहितेत बसतच असावा. मात्र टबाच्या १०७ पौंडांविषयी पत्रात चकार शब्द नव्हता. सहीखाली राज्याच्या परवान्याचा क्रमांक नव्हता आणि शिक्काही नव्हता. न्यू जर्सीत इंजिनिअरचा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर नावावरून दोन मिनिटांत तपासता येतो. त्या नावाचा परवानाधारक इंजिनिअर तेथे नाही.

परमिटच्या बाबतीतही अशीच अर्धवट सत्ये वापरली गेली. “डेक आहेच, आपण फक्त खालून आधार देतोय, त्याला परमिट लागत नाही; आणि परमिट काढलंत की टाउनशिपचा माणूस येणार, तो आला की टॅक्स वाढणार,” असे त्याचे म्हणणे. न्यू जर्सीतील घरपट्टीचे आकडे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ही भीती किती चटकन लागू पडते हे वेगळे सांगायला नको. वास्तविक डेकची नोंद घरपट्टीसाठी घराचे मूल्य ठरवणाऱ्या असेसरच्या दप्तरी मुळापासून होती, आणि घराच्या भार पेलणाऱ्या भागात फेरफार करायचा तर परमिट लागतेच. पुढे टबाच्या २४० व्होल्टच्या जोडणीसाठी आलेल्या इलेक्ट्रिशियनने आपल्या कामाचे परमिट रीतसर काढले, टाउनशिपचा विजेचा इन्स्पेक्टर येऊन वायरिंग पाहून गेला आणि मंजुरीचे स्टिकर लावून गेला. कंत्राटदाराने तेच स्टिकर दाखवून “बघा, इन्स्पेक्शन पास झालं” असे सांगितले. विजेची तपासणी वेगळी आणि बांधकामाची वेगळी, दोन्हींचे इन्स्पेक्टरही वेगळे. वायरिंग पाहायला आलेला माणूस डेकखाली वाकून खांब पाहत नाही आणि ते त्याचे कामही नाही.

खचल्याचा पहिला पुरावा टबातल्या पाण्यानेच दिला. पाण्याची पातळी नेहमीच सपाट असते, त्यामुळे टब कलला की पाण्याची रेघ कडेपासून एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली दिसते. आमच्या टबात घराच्या बाजूपेक्षा अंगणाच्या बाजूला पाणी बोटभर वर चढलेले होते. त्याच सुमारास डेकची घराला जोडलेली आडवी फळी, जिला लेजर म्हणतात, ती भिंतीपासून किंचित सुटलेली दिसली. टब त्याच दिवशी रिकामा केला आणि परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावले.

त्याने काय तपासले ते सांगण्यासारखे आहे. टबाखाली कंत्राटदाराने सहा बाय सहा इंची चार नवे खांब दिले होते, त्यांवर जोड तुळई होती, आणि प्रत्येक खांबाच्या तळाशी जमिनीलगत काँक्रीटची गुळगुळीत गोल चकती दिसत होती. पाहणाऱ्याला वाटावे की त्या चकतीखाली खोल पाया आहे. इंजिनिअरने बागेतले फावडे मागून घेतले आणि एका चकतीच्या कडेने माती काढली. वीतभर खाली काँक्रीट संपले; त्याखाली पिवळट चिकणमाती. बाकीच्या तीनही तशाच. मग त्याने लेजरमधला एक लॅग स्क्रू, म्हणजे फळी घराला घट्ट धरणारा जाड स्क्रू, पान्याने सोडवला. त्याचे चकाकते डोके आणि जाड वॉशर पाहून कोणाचाही विश्वास बसला असता. बाहेर आलेला स्क्रू मात्र जेमतेम अडीच इंचांचा होता. दीड इंच लेजरची फळी, अर्धा इंच भिंतीवरचे प्लायवुड, म्हणजे घराच्या मूळ चौकटीत तो जेमतेम अर्धा इंच शिरलेला. संहितेप्रमाणे या स्क्रूचे टोक चौकटीची फळी पार करून आतल्या बाजूला बाहेर पडले पाहिजे.

पायाचे गणितही त्याने कागदावर करून दाखवले. भरलेल्या टबाचा भार चार खांबांत समान वाटला गेला असे धरले तरी एका खांबावर सुमारे १,३०० पौंड येतात. चकतीचा व्यास आठ इंच, क्षेत्रफळ साधारण ०.३५ चौरस फूट, म्हणजे खालच्या मातीवर दर चौरस फुटाला ३,७०० पौंडांचा दाब. मातीची चाचणी केलेली नसेल तर संहिता चिकणमातीसाठी १,५०० पौंड धरते. हाच पाया १८ इंच व्यासाचा केला असता तर दाब साडेसातशेच्या आत राहिला असता. (आमच्या मिडलसेक्स काउंटीची चिकणमाती एके काळी सेअरव्हिलच्या वीटभट्ट्यांसाठी प्रसिद्ध होती, विटेला उत्तम, उथळ पायाला वाईट.) शिवाय अशी माती पाणी धरून ठेवते. हिवाळ्यात ते गोठते तेव्हा माती फुगून उथळ पाया वर उचलते आणि वसंतात ती वितळून मऊ झाली की खांब भारासह खाली बसतो. म्हणूनच या भागात पाया जमीन जिथवर गोठते त्याखाली, म्हणजे सुमारे तीन फूट खोल न्यावा लागतो.

परमिट का टाळले गेले याचे उत्तर येथे मिळते. रीतसर परमिट असते तर काँक्रीट ओतण्यापूर्वी खड्डे उघडे असतानाच इन्स्पेक्टरने येऊन खोली मोजली असती, आणि एकदा काँक्रीट पडले की वरून वीतभर आणि तीन फूट यांत काहीच फरक दिसत नाही. कंत्राटदार आम्हाला रोज कामाची छायाचित्रे पाठवत असे: खांब उभे करताना, तुळई चढवताना, स्क्रू पिळताना. खड्ड्याचे एकही नव्हते. असे काम चालू असेल त्यांनी खड्ड्यात उभी धरलेली मोजपट्टी दिसेल असे छायाचित्र मागावे आणि ते येईपर्यंत पुढचा हप्ता देऊ नये. इंजिनिअरच्या पत्रात टबाचे भरलेले वजन आणि दर चौरस फुटाचा आकडा लिहिलेला नसेल तर ते पत्र टबापुरते निरुपयोगी समजावे. विक्रेत्याच्या भरवशावरही राहू नये, कारण टबाच्या माहितीपुस्तिकेत योग्य पायाची जबाबदारी ग्राहकावर टाकलेली असते आणि पाया खचून टबाला तडा गेला तर वॉरंटी मिळत नाही.

न्यू जर्सीत ५०० डॉलरांवरच्या घरदुरुस्तीसाठी लेखी करार बंधनकारक आहे. त्यावर कंत्राटदाराचा ‘१३ व्हीएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, सोबत विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत हवी आणि कराराची प्रत मिळाल्यानंतर कामकाजाचे तीन दिवस संपेपर्यंत करार रद्द करता येतो ही सूचनाही हवी. आमच्या करारावर क्रमांक होता. तपासल्यावर तो भलत्याच व्यवसायाचा निघाला. ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार करताना हाच कागद सर्वांत उपयोगी पडला. राज्याच्या ग्राहक फसवणूक कायद्याखाली सिद्ध झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी मागता येते, हे त्याला पाठवलेल्या पत्रात आल्यावर कंत्राटदाराने, जो तोवर फोन उचलत नव्हता, २,००० डॉलर परत पाठवले. बाकीच्या रकमेचा दावा चालू आहे.

इंजिनिअरच्या सल्ल्याने टब डेकवरून क्रेनने उतरवून अंगणात, सळ्या घातलेल्या सहा इंच जाडीच्या काँक्रीटच्या ओट्यावर बसवला आहे. या वेळी परमिट काढले होते, आणि काँक्रीट पडण्यापूर्वी इन्स्पेक्टर येऊन सळ्या पाहून गेला. डेकचे ते चार खांब दाव्याचा निकाल लागेपर्यंत तसेच ठेवावेत, असे वकिलाने सांगितले आहे.