‘वर्ल्डकव्हर’ : नवी मुंबईचा गुंठ्यागुंठ्याचा नकाशा

युरोपीय अवकाश संस्थेचा ‘वर्ल्डकव्हर’ हा जगभराच्या भू-आच्छादनाचा नकाशा विनामूल्य मिळतो आणि खाडीकाठच्या जमिनीविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने तो उघडून पाहावा, असा आहे. त्यातील एकेक चौकट दहा मीटर लांब-रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ एक गुंठा भरते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जमिनीची भाषाच गुंठ्याची असल्याने हे माप पटकन अंगवळणी पडते. बांधकाम लाल, पाणी निळे, झाडी गडद हिरवी, आणि एकूण अकरा वर्गांत खारफुटीला स्वतंत्र वर्ग व वेगळा रंग, ही माझ्या लेखी त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. सेंटिनेल-२ उपग्रहांच्या छायाचित्रांना सेंटिनेल-१ उपग्रहांच्या, ढगांतूनही पाहणाऱ्या रडारची जोड असल्यामुळे पावसाळी ढगांचीही फारशी अडचण होत नाही.

बेल्जियमच्या ‘व्हिटो’ संस्थेच्या नेतृत्वाखाली जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्समधील संस्थांनी हे काम केले असून अचूकतेची तपासणी वाखेनिंगेन विद्यापीठाने केली. रांधणारा आणि चव घेणारा वेगळा असल्यामुळे जागतिक अचूकतेचा ७६.७ टक्के हा २०२१ च्या नकाशाचा आकडा विश्वासार्ह वाटतो; अर्थात चारांतली साधारण एक चौकट चुकलेली असू शकते, हेही त्यातच आले.

मोह होतो तो २०२० आणि २०२१ चे नकाशे शेजारी ठेवून ‘वर्षभरात किती खारफुटी गेली’ असे विचारण्याचा. तो आवरावा. दोन्ही नकाशांची गणनपद्धती वेगळी असल्यामुळे दिसणारा फरक जमिनीवरचा की पद्धतीतला, हे सांगता येत नाही, आणि निर्मात्यांनीही तशी सूचना दिलेली आहे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. नकाशा जमिनीवर काय आहे ते सांगतो. ती कशासाठी राखलेली आहे, ते नाही. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी सिडकोने बांधलेल्या धारण तलावांत गाळ साचून खारफुटी उगवली आहे. उपग्रहाला ती केवळ खारफुटी दिसते, तर पालिकेला तो तुंबलेला तलाव वाटतो आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढण्याचा प्रश्न अडकतो. तसेच गावठाणातले ‘गरजेपोटी’, म्हणजे परवान्याविना, बांधलेले घर आणि सेक्टरमधली परवानाधारक इमारत दोन्ही सारखीच लाल.

उतरवून घेताना ‘एन१८ई०७२’ हा तुकडा निवडावा. नवी मुंबईसाठी नाशिक-पुण्यासकट सगळे पदरात पडते, त्यामुळे फाइल जड आहे, पण क्यूजीआयएस या नकाशे हाताळण्याच्या मोफत संगणक प्रणालीत ती उघडते. विकास आराखड्यावरील हरकतीसोबत हा नकाशा जोडायचा असल्यास वर्ष व आवृत्ती स्पष्ट लिहावी आणि त्या जागेचे तारखेसह काढलेले छायाचित्रही द्यावे.