रात्रीच्या रायडिंगसाठी हेडलाईट अपग्रेड: काही महिने वापरून झाल्यावरचा अनुभव

हेडलाईट कमी पडतोय असं कुणाला सांगितलं की लगेच उत्तर येतं, एलईडी टाक, विषय संपव. मी हॅलोजनच, म्हणजे फिलामेंटचा बल्बच, ठेवला. आधी त्याला पुरेसा व्होल्टेज पोचतोय का ते मोजलं, मग रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून वायरिंग केलं, मग भिंतीवर फोकस सेट केला आणि हे सगळं झाल्यावर दोन जादा लाईट बसवले, याच क्रमाने. आता जोराचा पाऊस, धुकं, थंडी, अंधारातला घाट असं सगळ्यात वापरून झालंय आणि माझं मत पक्कं झालंय की जास्तीत जास्त फरक पडला तो वायरिंग आणि ॲडजस्टमेंटने, ज्याच्याकडे कुणी बघत पण नाही.

माझ्या मोटरसायकलला एकच गोल हेडलाईट आहे, आत एच४ प्रकारचा बल्ब, ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला ६० आणि लो बीमला ५५. लहान इंजिनच्या बऱ्याच गाड्यांना एचएस१ असतो, ३५/३५ वॅट. दिसायला दोन्ही जवळपास सारखे असल्यामुळे लोक घासून ठोकून एच४ त्यात बसवतात पण बेस मुद्दामच थोडा वेगळा ठेवलेला असतो, कारण ती वायरिंग, तो स्विच आणि ते चार्जिंग तेवढ्या लोडसाठी नसतं. ते करू नका.

आता मुख्य गोष्ट, व्होल्टेज. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी-जास्त होत नाही, साधारण व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडला तर प्रकाश जवळपास ३० टक्के जातो. इंजिन चालू ठेवून, हेडलाईट लावून मल्टिमीटरने मोजलं तर बॅटरीवर १३.९ होते आणि बल्बच्या होल्डरवर फक्त १२.३. मधले १.६ व्होल्ट बारीक वायर, हँडलवरचा जुना स्विच, कपलर (वायर जोडणारे प्लग) आणि गंजलेलं अर्थिंग यांनी मिळून खाल्ले होते. हिशोब केला तर एक तृतीयांश प्रकाश बल्बपर्यंत पोचायच्या आधीच गेलेला. आणि हे मोजायचं ते लोड चालू असतानाच, बल्ब काढून मोजलं तर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि सगळं छान आहे असं वाटतं.

मग रिले किट लावलं. हाय आणि लोला एकेक रिले, बॅटरीच्या प्लसपासून थेट वायर, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज पुढे हेडलाईटपाशी लावला तर मधली वायर कुठे घासून फ्रेमला टेकली की तिला वाचवणारं काहीच नाही. रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस, ८७ वरून बल्बला, आणि ८५-८६ ला जुन्या हेडलाईट कपलरमधून आलेला सिग्नल व अर्थ. म्हणजे हँडलवरच्या स्विचमधून आता फक्त रिले ओढायला लागतो तेवढा किरकोळ करंट जातो, आधी तिथून साडेचार-पाच अँपियर जायचे. अर्थची वायर पण नवीन टाकली, बराच लॉस अर्थच्या बाजूलाही असू शकतो हे मेकॅनिक लोकही विसरतात. झाल्यावर होल्डरवर १३.६ आले. तोच बल्ब, तीच काच, आणि प्रकाश हिशोबाने ४० टक्के जास्त. पहिल्याच रात्री फरक कळतो, पिवळट मरगळलेला लाईट होता तो स्वच्छ पांढऱ्याकडे झुकतो आणि रस्त्याच्या कडेचा खड्डा आधी दिसतो.

याची किंमत पण सांगतो, बल्बचं आयुष्य कमी होतं. व्होल्टेज वाढला की फिलामेंट झपाट्याने झिजते, त्यामुळे उपाशी व्होल्टेजवर वर्षानुवर्षं टिकणारा बल्ब आता तेवढा टिकणार नाही. माझा पहिला बल्ब या काळात गेला, रात्री, लो बीम. हाय बीमची फिलामेंट वेगळी असल्यामुळे हेडलाईट थोडा खाली वाकवून हळूहळू आलो. तेव्हापासून सीटखाली एक जादा बल्ब फोममध्ये गुंडाळून ठेवलेला असतो आणि सोबत स्वच्छ कापड, कारण हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नसतं, बोटाचं तेल तापून तिथे काच जास्त गरम होते आणि बल्ब लवकर जातो.

ते "१०० टक्के जास्त प्रकाश" वगैरे लिहिलेले हॅलोजन बल्ब पण एकदा वापरून बघितले. वॅट तेवढेच असतात, एकूण प्रकाशही नियमाच्या मर्यादेतच असतो, फिलामेंट जास्त बारीक आणि घट्ट गुंडाळलेली असल्यामुळे बीमच्या एका ठराविक भागात प्रकाश वाढतो, खोक्यावरचा टक्का त्या भागाचा असतो. लांबचं खरंच थोडं जास्त दिसतं. पण टिकतात कमी. रिले लावलेल्या गाडीला मी आता साधाच चांगल्या कंपनीचा बल्ब लावतो.

१००/९० वॅटच्या बल्बबद्दल एवढंच की ८ अँपियरच्या वर करंट जातो, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चमक जळून काळी पडते, प्लास्टिकची काच असेल तर ती पण खराब होते. एकदा रिफ्लेक्टर गेला की नंतर कुठलाही बल्ब लावा, उपयोग नाही.

आता एलईडीबद्दल, कारण यावर सगळ्यात जास्त वाद होतो. मित्राच्या गाडीतला एलईडी बल्ब माझ्या हेडलाईटमध्ये लावून भिंतीवर बघितला. एच४ मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि प्रकाश रस्त्याकडे वळतो, भिंतीवर वर अंधार खाली उजेड अशी जी रेघ दिसते ती त्यामुळेच. रिफ्लेक्टरचा सगळा आकार त्या बारीक फिलामेंटच्या जागेवरून ठरवलेला असतो. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या, पट्टी जाड, आणि चिप मिलिमीटरभर पुढेमागे झाल्या किंवा बल्ब थोडा फिरला की ती रेघ फाटते. या बल्बने माझ्या भिंतीवर रेघेच्या वर पांढरा धुरळा उडवला. तो धुरळा म्हणजे समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे.

आणि गंमत नाही, चालवणाऱ्याला तोच बल्ब भारी वाटतो! कारण चाकाच्या पुढचे १०-१५ मीटर दिवसासारखे उजळतात. पण डोळा त्या उजेडाला जुळवून घेतो, बाहुली लहान होते आणि ६०-७० मीटरवरचं, जे खरं बघायचं असतं, ते काळं पडतं. अंतर दुप्पट झालं की तेवढंच उजळायला चौपट प्रकाश लागतो, त्यामुळे जवळ सांडलेला उजेड लांबच्या कामाचा नसतो. मी हॅलोजन परत लावला तेव्हा जवळचं कमी आणि लांबचं जास्त दिसलं. कंपनीनेच अख्खं एलईडी युनिट दिलेलं असेल, किंवा स्वतःचं लेन्स-रिफ्लेक्टर असलेलं पूर्ण युनिट बसवलं आणि त्यावर गोलातला ई मार्क (मंजुरीची खूण) असेल, तर गोष्ट वेगळी, तो चांगला पर्याय आहे. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना ठराविक मॉडेलच्या गाड्यांमध्ये रस्त्यावर वापरायला परवानगी मिळाली, पण ती पण बल्ब आणि हेडलाईटची जोडी तपासून, यादीप्रमाणे. बऱ्याच ठिकाणी हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब टाकणं नियमात बसत नाही, आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या.

फोकस ॲडजस्टमेंट. हे फुकट आहे आणि तरी कुणी करत नाही. सपाट जागा, समोर भिंत १० मीटरवर, टायरमध्ये बरोबर हवा, आणि गाडीवर माणूस बसलेला पाहिजे, स्टँडवर नाही. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर टेपने खूण करायची, लो बीमची रेघ त्या खुणेच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली यायला हवी. माझा हेडलाईट ९० सेंटीमीटरवर आहे, म्हणजे १० मीटरला १५ सेंटीमीटर उतार ठेवला तर रेघ ६० मीटरवर रस्त्याला टेकते, १० ठेवला तर ९० मीटरवर. मागे कुणी बसलं की गाडी मागून दबते, पुढचा लाईट वर उठतो आणि समोरचे लोक अप्पर-डिप्पर मारायला लागतात. डबल सीट किंवा सामान असेल तेव्हा मी मागच्या शॉकॲबचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवतो आणि निघण्याआधी भिंतीवर एक नजर टाकतो.

हे ६० मीटर लक्षात ठेवायचं कारण, ८० च्या स्पीडला सेकंदाला २२ मीटर जातात. दीड सेकंद कळायला आणि ब्रेकवर जायला धरले तर ३३ मीटर, त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी अजून ४० मीटर, एकूण ७०-७५. म्हणजे लो बीमवर ८० ने चालवतोय तर दिसल्यावर थांबायला जागा उरत नाही. ६० च्या स्पीडला हेच अंतर ५० च्या आत येतं. कुठलाही लाईट लावा, हे गणित त्याच्यासोबत येतंच, आणि म्हणून समोरून गाडी आली आणि डिप्पर केला की मी स्पीड पण कमी करतो.

हे सगळं झाल्यावर जादा लाईट लावले, दोन, प्रत्येकी २० वॅट एलईडी, रुंद बीमचे, क्रॅश गार्डवर खाली. त्यांचा स्वतःचा फ्यूज, स्वतःचा रिले, स्वतःचा स्विच, आणि रिलेचा सिग्नल हाय बीमच्या वायरवरून घेतलाय, त्यामुळे डिप्पर केला की तेही आपोआप बंद होतात. समोरचा दिसला की वेगळं बटण शोधावं लागू नये हा हेतू. घाटात यांचा खरा फायदा, वळणावर गाडी कलली की हेडलाईटचा बीम पण कलतो आणि वळणाच्या आतल्या बाजूला उजेड तोकडा पडतो, तिथे हे रुंद लाईट रस्त्याची कड दाखवतात. धुक्यात हाय बीम तर लावायचाच नाही, सगळा प्रकाश तोंडावर परत येतो, आणि माझे जादा लाईट हायला जोडलेले असल्यामुळे धुक्यात उपयोगी पडत नाहीत. ही या जोडणीची उणीव आहे, पण समोरच्याच्या डोळ्यांपुढे ती मी मान्य केली. धुक्यातून नेहमी जायचं असेल त्यांनी खाली मारणारे, वर सपाट कट असलेले खरे फॉग लाईट घ्यावेत, त्यांना वेगळा स्विच चालतो.

पावसात ओल्या डांबरावर उजेड आरशासारखा पुढे निघून जातो, परत डोळ्यात कमी येतो, त्यामुळे लाईट निम्मा झाल्यासारखा वाटतो. यावर कुठल्याही बल्बने फार फरक पडला नाही. हेल्मेटची काच बदलल्यावर मात्र पडला, जुन्या काचेवर बारीक ओरखडे होते आणि समोरच्या प्रत्येक लाईटचा तारा व्हायचा. रात्रीसाठी काळी, स्मोक काच नको, आणि "नाईट व्हिजन" म्हणून विकतात ती पिवळी पण नको, ती प्रकाश कमीच करते.

लोडचा हिशोब लावण्याआधीच करा. हेडलाईट ६० आणि हे ४०, शंभर झाले, शिवाय इग्निशन, टेल लाईट, मोबाईलचा चार्जर. सगळं चालू करून आयडलवर बॅटरीचा व्होल्टेज बघा, १३ च्या आसपास राहिला तर ठीक, १२.६ च्या खाली उतरत गेला तर गाडी बॅटरीतून खातेय आणि ट्रॅफिकमध्ये कधीतरी स्टार्टर फिरायचा बंद होईल. काही जुन्या आणि लहान गाड्यांचा हेडलाईट थेट मॅग्नेटच्या एसीवर चालतो, इंजिनच्या आवाजाबरोबर लाईट कमी-जास्त होतो त्या. त्यांना हे रिलेचं वायरिंग असं लावता येत नाही, आधी डीसी करून घ्यावं लागतं आणि चार्जिंग तेवढं पुरतं का ते बघावं लागतं.

टिकण्याबद्दल. पहिल्या काही आठवड्यांत जादा लाईटचे ब्रॅकेट व्हायब्रेशनने ढिले होऊन खाली झुकले, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा) आणि थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद) लावल्यावर परत हलले नाहीत, नटवर पेनाने रेघ मारून ठेवलीय म्हणजे फिरला तर लगेच दिसतं. एका लाईटच्या आत पावसाळी बाष्प धरलं, ऊन पडल्यावर गेलं, दुसरा कोरडा आहे. रिले सीलबंद घेतले आणि पिना खाली तोंड करून बसवले, पाणी थांबत नाही. जॉइंट सगळे क्रिंप केलेले, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून बसवलेले, टेप गुंडाळलेला जॉइंट गरमीत सुटतो. आणि एक गोष्ट जी प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर मी स्वतः करतो, इंजिन चालू, लाईट चालू, हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण लॉकपर्यंत फिरवायचं. लाईट लुकलुकला तर हँडलपाशी वायर ताणली जातेय किंवा तुटत आलीय, आयडल बदललं तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय, तेव्हा तिथली झिप टाय सोडून ढील द्यायची आणि मगच रात्रीच्या प्रवासाला निघायचं.