तालुक्याच्या गावातल्या फिजिशियनने असोसिएशनची मेंबरशिप घ्यावी का? माझा अकरा वर्षांचा अनुभव

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा मेसेज आला, मॅडम एपीआयची (फिजिशियन डॉक्टरांच्या देशभरच्या संघटनेची) लाइफ मेंबरशिप घेऊ का, खरंच काही उपयोग होतो की फक्त सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं? तिला फोनवर अर्धा तास सांगत बसले आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे लिहूनच टाकावं, कारण हाच प्रश्न दर वर्षी एमडी होऊन गावाकडे परतणारं कोणी ना कोणी विचारतंच.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्या हिशोबाने घेता येईल. नागपूरच्या मेडिकलला एमडी केलं, लग्नानंतर वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आले, नवरा सर्जन, आमचं बारा खाटांचं हॉस्पिटल आहे. गावात मेडिसिनचे एमडी, म्हणजे फिजिशियन, मला धरून दोघंच. रात्री दोन वाजता एखादा पेशंट धाप लागून आला आणि ईसीजीत काहीतरी विचित्र दिसलं तर बाजूच्या रूममध्ये विचारायला सिनिअर नसतो, कॉलेजमध्ये असताना ज्याची किंमत कळत नाही ती गोष्ट हीच.

तर असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया, म्हणजे आपली एपीआय, 1944 पासूनची संस्था आहे, मुख्य ऑफिस मुंबईत, खाली राज्याचे चॅप्टर आणि शहरोशहरीच्या शाखा. मेंबर झालात की तुमच्यासमोर साधारण चार गोष्टी येतात, शाखेच्या मीटिंगा, राज्याची कॉन्फरन्स मॅपिकॉन, देशाची कॉन्फरन्स एपिकॉन, आणि जर्नल, फेलोशिप, रिसर्चला पैसे वगैरे ज्याला आपण संधी म्हणतो ते. बहुतेक लोक मेंबरशिप घेतात ती एपिकॉनकडे बघून. मी म्हणेन शाखेच्या मीटिंगकडे बघून घ्या.

का ते सांगते. आमची शाखा महिन्यातून एकदा रात्री साडेआठला क्लिनिकल मीटिंग घेते. एक जण केस मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात, शेवटी जेवण. ऐकायला काही विशेष वाटत नाही. पण मी आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका सरांनी स्क्रब टायफसची (चिगर नावाचा बारीक किडा चावून होणाऱ्या तापाची) केस मांडली होती, आणि स्लाइड पुढे न्यायच्या आधी त्यांनी सगळ्यांना एकच विचारलं, पेशंटला पूर्ण तपासलं का? काखेत, जांघेत, छातीच्या खाली, कमरेच्या नाडीच्या जागी बघितलं का? मग फोटो दाखवला, चिगर चावतो तिथे पडणारी काळी खपली, कडेने लाल, अगदी बिडीचा चटका बसल्यासारखी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही आणि आपण विचारत नाही. पुस्तकात हे मी दहा वेळा वाचलं होतं पण डोळ्यासमोर राहिलं ते त्या रात्रीपासून.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी निंदणाला जाणारी एक बाई आली, आठ दिवसांचा ताप, प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले, जराशी धाप. नवरा म्हणाला, "मॅडम, मलेरियाचं पाहून झालं, डेंगूचं पाहून झालं, चार सलाईनी लावून झाल्या, काहीच निघत नाही." मी सिस्टरला पडदा ओढायला सांगितला आणि बघत बघत गेले, डाव्या स्तनाच्या खालच्या घडीत होती खपली, मटकीच्या दाण्याएवढी. डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला, चौथ्या दिवशी ती बाई कॉटवर बसून भाकरी मागत होती. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला, तोपर्यंत ती सुधारलेली होती. 2018 साली नागपूरकडे स्क्रबची मोठी साथ आली तेव्हा आमच्या भागातले बरेच जण सावध होते, त्यात अशा मीटिंगांचा वाटा आहे असं मी मनापासून मानते. मेंबरशिपचे पैसे माझ्यासाठी त्या एका बाईतच वसूल झाले.

मीटिंगचा दुसरा फायदा म्हणजे फोन नंबर. एकमेकांची तोंडओळख असली की रात्री फोन करायला संकोच वाटत नाही. सर ईसीजी पाठवलाय, जरा बघता का, एवढं म्हणायला त्या माणसासोबत कधीतरी एकदा जेवलेलं असावं लागतं. कोविडनंतर बऱ्याच मीटिंगा ऑनलाइन झाल्या, लांब राहणाऱ्यांची सोय झाली हे खरं, पण ऑनलाइनला कॅमेरे बंद असतात आणि कोणी शंका विचारत नाही. महिन्याआड का होईना प्रत्यक्ष जात जा.

आता क्रेडिट पॉइंटचं. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायला 30 पॉइंट लागतात, म्हणजे वर्षाला सरासरी सहा. नियमित मेंबराला हे काही अवघड नाही, शाखेच्या सीएमई (हे पॉइंट देणारी डॉक्टरांच्या शिक्षणाची सत्रं) आणि एक राज्याची कॉन्फरन्स केली तरी गाडी रुळावर राहते. पण प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाळा: सीएमईला पॉइंट मंजूर आहेत का ते जायच्या आधी विचारा, हजेरीची सही किंवा स्कॅन स्वतः करा, आणि सर्टिफिकेटचा फोटो त्याच दिवशी एका फोल्डरमध्ये टाका. माझे एकदा एका आयोजकांकडून (नाव लिहीत नाही, ही एपीआय नव्हती) पॉइंट जमाच झाले नाहीत, चार महिने फोन केले, प्रत्येक वेळी नवीन माणूस, शेवटी माझ्याजवळ सर्टिफिकेटचा फोटो होता म्हणून निभावलं. रिन्यूअलच्या वर्षी लोकांची जी धावपळ होते ना ती बघवत नाही, चांगले चांगले डॉक्टर शेवटच्या महिन्यात मिळेल त्या विषयाच्या सीएमईला जाऊन बसतात. दर वर्षीचं दर वर्षी करा.

मॅपिकॉन म्हणजे महाराष्ट्र चॅप्टरची कॉन्फरन्स, दर वेळी वेगळ्या शहरात. नवीन माणसाने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. गर्दी झेपेल एवढी असते, वक्ते आपल्याकडचेच पेशंट बघणारे असतात, साप चावलेला, सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) क्रायसिस, कीटकनाशक प्यायलेला माणूस, हे विषय इथे ज्या तपशिलाने निघतात तसे मोठ्या कॉन्फरन्सला निघत नाहीत. आमच्या विदर्भात सिकलसेल किती आहे ते वेगळं सांगायला नको, आणि त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध छोट्या हॉस्पिटलमध्ये कसं सुरू करायचं, सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) किती दिवसांनी, पेशंट मधेच बंद करतो तेव्हा काय करायचं हे मला एका सत्रात जेवढं स्वच्छ कळलं तेवढं नुसतं वाचून कळलं नव्हतं.

एपिकॉन मात्र अवाढव्य असते. 2024 ला दिल्लीत झाली, 2025 ला कोलकात्याला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीचा काळ असतो. एकाच वेळी अनेक हॉलमध्ये सत्रं चालू, त्यामुळे न ठरवता गेलात तर नुसते चालून पाय दुखतील. मी काय करते, प्रोग्राम हातात आला की रात्रीच बसून दिवसाला फक्त चार सत्रं निवडते, त्यातलं एक माझ्या कामाशी अजिबात संबंध नसलेलं, उरलेला वेळ पोस्टर (तिथे मांडून ठेवलेल्या छोट्या केसेस आणि अभ्यास) बघण्यात. हो पोस्टर बघाच. मोठ्या हॉलमधल्या भाषणातलं बरंचसं नंतर जर्नलमध्ये वाचायला मिळतं पण पोस्टरसमोर उभ्या असलेल्या सेकंड इयरच्या पोराला तुम्ही विचारलंत की बाबा रे पेशंट पहिल्या दिवशी कसा दिसत होता, तर तो जे सांगतो ते कुठेच छापून येत नाही.

खर्चाबद्दल सरळ बोलते. पूर्वी औषध कंपन्या तिकीट, हॉटेल सगळं बघायच्या हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 2024 च्या मार्चमध्ये केंद्राची कंपन्यांसाठीची नवी आचारसंहिता आली, त्यात डॉक्टरला प्रवास, हॉटेल, भेटवस्तू देणं बंद, वक्ता म्हणून बोलावलं असेल तेवढा अपवाद, आणि परदेशात सीएमई भरवणं तर पूर्ण बंद. मला हे चांगलंच वाटलं. स्वतःच्या पैशाने गेलं की माणूस पहिल्या सत्रापासून शेवटपर्यंत बसतो. पण त्यामुळे निवड करणं आलं, आणि तालुक्यातल्या डॉक्टरला रजिस्ट्रेशन आणि प्रवासापेक्षा दवाखाना तीन-चार दिवस बंद ठेवणं जास्त महाग पडतं. म्हणून आम्ही गावातल्या दोघा फिजिशियननी ठरवून टाकलंय, एका वर्षी ते एपिकॉनला जातात तेव्हा त्यांचे पेशंट मी बघते, पुढच्या वर्षी मी जाते. अर्ली बर्डची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, नंतर फी बरीच वाढते.

वर्कशॉपच्या बाबतीत जपून. बेडसाइड इको (पेशंटच्या कॉटपाशीच हृदयाची सोनोग्राफी) शिकायला मी एकदा एका खाजगी संस्थेच्या वर्कशॉपला गेले होते, जाहिरातीत लिहिलं होतं प्रत्येकाला प्रत्यक्ष सराव, तिथे एका मशीनमागे वीस-बावीस जण, दिवसभरात माझ्या हातात प्रोब (छातीवर टेकवायचा भाग) आला तो जेमतेम तीन मिनिटं. पुढे एपीआयच्या एका कॉन्फरन्सच्या आधीच्या दिवशी छोटं वर्कशॉप केलं, एका टेबलाला पाच जण, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी अक्षरशः माझं मनगट धरून दाखवलं की प्रोबवरची खूण उजव्या खांद्याकडे, छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला तिसऱ्या-चौथ्या फासळीच्या फटीत टेकव, आता न सरकवता फक्त तिरका कर, आणि पडद्यावर हृदयाचा डावा व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) समोर आला. तो क्षण मी विसरणार नाही. तर पैसे भरण्याआधी फोन करून एकच विचारा, एका मशीनला किती जण? आणि शिकून आल्यावर उत्साहात मशीन घ्यायला जाल तर पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी आधी, सोनोग्राफी मशीनला त्याशिवाय हात लावायचा नाही.

आता संधींचं बघू, कारण तरुण मुलं हेच विचारतात. रेसिडेंटसाठी (एमडी करणाऱ्यांसाठी) क्विझ आणि पेपर-पोस्टर स्पर्धा असतात, त्यात भाग घ्याच. जानेवारीच्या कॉन्फरन्सचा ॲबस्ट्रॅक्ट (पेपरचा गोषवारा) काही महिने आधीच मागतात, त्यामुळे केस चांगली वाटली की त्याच आठवड्यात फोटो, रिपोर्ट आणि पेशंटची लेखी संमती घेऊन ठेवा, नंतर पेशंट सापडत नाही. इंडियन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ही एपीआयची शैक्षणिक शाखा, तिची फेलोशिप म्हणजे एफआयसीपी, तुमचं काम आणि मेंबर म्हणून झालेली वर्षं बघून मिळते. फिजिशियन रिसर्च फाउंडेशनकडून संशोधनाला मदत मिळू शकते, हे खाजगी प्रॅक्टिसमधल्या बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. आणि जर्नल, जापी, 1953 पासून चालू आहे, दर महिन्याला येतं.

खाजगी प्रॅक्टिसमधले लोक म्हणतात की रिसर्च मेडिकल कॉलेजवाल्यांनी करायचा. त्यांना मी दर वेळी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव सांगते. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं फुप्फुसात पाणी होऊन जायची, त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून लक्षणं टिपली, 1982 मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, आणि प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली. प्रतिविष की प्राझोसिन यावरचा त्यांचा 2007 चा पेपर आपल्याच जापीत आहे, काढून वाचा, कुठल्या मोठ्या इन्स्टिट्यूटचा नाही, गावातल्या हॉस्पिटलमधला अभ्यास आहे. 2022 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषय नव्हता. जे आपण रोज बघतो ते नीट लिहून ठेवलं तर ते जगाच्या कामाचं असतं, आणि ते मांडायला जागा ही असोसिएशन देते.

एक सावधगिरीची सूचना, ईमेलवर रोज आमंत्रणं येतात, मान्यवर वक्ता म्हणून अमुक देशात या, तमुक जर्नलमध्ये आठ दिवसांत पेपर छापू, पैसे भरा. डिलीट करा. शंका असेल तर शाखेतल्या कोणा सिनिअरला विचारा.

सुधारणा व्हायला हवी ती दोन बाबतींत, आणि हे मी कुठल्या एका संस्थेबद्दल बोलत नाही, आपल्या सगळ्याच वैद्यकीय संघटनांना लागू आहे. एक म्हणजे कार्यक्रमाची माहिती. व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छांच्या ढिगाखाली मीटिंगचा मेसेज गडप होतो, वर्षाच्या सुरुवातीलाच बारा महिन्यांच्या तारखा एका पानावर दिल्या तर लांबून येणाऱ्याला ड्युट्या लावता येतात. दुसरं म्हणजे बायका. लहान मूल असलेली डॉक्टर रात्री साडेआठच्या मीटिंगला सत्तर किलोमीटरवरून कशी येणार? माझी मुलगी लहान होती ती चार वर्षं माझी जवळजवळ कोरडी गेली. कॉन्फरन्सच्या ठिकाणी एक खोली, दोन सांभाळणाऱ्या ताई, एवढी सोय केली तर किती जणी येतील. रविवारी सकाळची मीटिंग हाही पर्याय आहे, आमच्याकडे मी हे दोनदा मांडलं आणि आता तीन महिन्यांतून एक मीटिंग रविवारी सकाळी होते.

रेटिंग द्यायचं तर शाखेच्या मीटिंगांना पाचपैकी पाच, मॅपिकॉनला साडेचार, एपिकॉनला चार, तेही ठरवून गेलात तर. ज्युनिअरला मी सांगितलं, फॉर्म भर, आणि पैसे भरल्यावर पहिलं काम म्हणजे शाखेच्या सेक्रेटरींना फोन करून पुढच्या मीटिंगची तारीख घे.

पुढच्या रविवारी माझीच केस आहे. सतरा वर्षांचा मुलगा, पहाटे पोट दुखून उठला, उलट्या, अंगावर चाव्याची खूण कुठेच नाही, आणि सकाळपर्यंत पापण्या जड. मण्यार. आई म्हणत होती, हा झोपेतून उठला नाही म्हणून डोळे उघडत नाही. फोटो काढून ठेवलेत, आईने सही करून दिलीये, आणि मुलगा परवा कॉलेजला गेला.